सुताराचे नवे यंत्र : सरकत्या मायटर सॉची निवड

करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमीट आणि गुण्या एवढ्या हत्यारांच्या बळावर महाराष्ट्रातील गावोगावच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या औते घडविली, घरांच्या चौकटी उभ्या केल्या आणि देव्हारे सजविले. आज शेतीची लाकडी औजारे मागे पडली आहेत. सुताराचे काम मात्र संपलेले नाही. ते दारे-खिडक्या, कपाटे, शाळांची बाके आणि घरबांधणी यांकडे वळले आहे. या कामात ग्राहकाला वेळ आणि सफाई या दोन्ही गोष्टी हव्या असतात. त्यामुळे विजेवर चालणारी हत्यारे आता तालुक्याच्या गावीच नव्हे, तर लहानशा खेड्यातील सुताराच्या पडवीतही दिसू लागली आहेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. तीत समाविष्ट असलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा अंतर्भाव आहे. प्रशिक्षण, अवजारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि तारणाविना कर्ज अशी या योजनेची रचना आहे. अशा योजनांमुळे कारागिराच्या हाती प्रथमच यंत्रखरेदीपुरता पैसा येतो आणि त्याबरोबरच एक प्रश्नही उभा राहतो : घ्यायचे ते यंत्र कोणते?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकापुढे एका तालुक्याच्या गावी भरलेल्या कारागीर मेळाव्यात आला. पन्नाशीचे एक मिस्त्री दोन-तीन दरपत्रके घडी करून घेऊन आले होते. “साहेब, यातलं कोणतं घेऊ? सगळेच म्हणतात आमचंच चांगलं,” असे त्यांनी विचारले. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुण सुताराच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्ध्यावर तुटलेली होती. स्वस्तातल्या यंत्राचे संरक्षक झाकण सारखे अडकते म्हणून त्याने ते काढून ठेवले होते आणि त्यानंतर आठवडाभरातच हा अपघात घडला होता. माहिती खात्यातील माणसापाशी मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते दिले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका निदेशकांनी, आणि तेही उलट प्रश्न विचारून : “मिस्त्री, तुम्ही रोज किती रुंद आणि किती जाड लाकूड कापता, ते आधी सांगा.”

यंत्राच्या निवडीची सुरुवात दुकानात होत नाही, ती सुताराच्या रोजच्या कामापासून होते, हे या एका प्रश्नात आले. कारागिरांच्या अर्जांची पडताळणी करणारे ग्रामपंचायत सदस्य, शाळेच्या कार्यशाळेसाठी मागणीपत्र लिहिणारे शिक्षक आणि खरेदीची छाननी करणारे अधिकारी या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून त्या दिवशी आणि त्यानंतर मिळविलेली माहिती येथे संकलित केली आहे. कोणत्याही कंपनीचे नाव त्यात हेतुपुरस्सर घेतलेले नाही.

यंत्राची ओळख

दोन पट्ट्या कोपऱ्यात काटकोनात जोडावयाच्या झाल्यास प्रत्येक पट्टीचे टोक ४५ अंशांत कापावे लागते. अशा तिरक्या सांध्याला मायटर म्हणतात. पूर्वी हे काम खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत करवत घालून करीत असत. मायटर सॉ हे त्याच पेटीचे विजेवर चालणारे रूप होय. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बैठकीवर फिरते टेबल असते, मागे लाकूड टेकविण्यासाठी उभी पट्टी असते, तिला कारागीर ‘फेन्स’ म्हणतात, आणि वर मोटार व गोल पाते बसविलेला मुंडा असतो. मुंडा खाली दाबला की पाते लाकडात उतरते.

साध्या यंत्रात केवळ टेबल डावी-उजवीकडे फिरते. संयुक्त म्हणजे ‘कंपाउंड’ यंत्रात पातेही एका बाजूला कलते करता येते. त्यामुळे एकाच कापात दोन कोन साधतात. सरकत्या यंत्रात याच्या जोडीला मुंडा नळ्यांवरून पुढे-मागे सरकतो. लहान पात्यानेही रुंद फळी एका कापात कापता यावी, हा या सरकण्याचा हेतू असतो.

दोन कोनांची गरज सामान्य वाचकाला चटकन पटत नाही. कोकणातील चौपाखी कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. छपराच्या चार कोपऱ्यांतून आढ्याकडे चढणारे कोनवासे असतात आणि त्यांना बाजूंनी येऊन लहान वासे मिळतात. लहान वाशाचे टोक छपराच्या उतारानुसार तिरके हवे आणि कोनवाशाला चिकटून बसावे म्हणून बाजूनेही तिरके हवे. चौकोनी घराच्या छपराचा उतार सर्व बाजूंनी ३० अंशांचा असेल, तर यंत्राचे टेबल ३० अंशांवर आणि पाते ४५ अंशांत कलते ठेवून हा काप एकदम निघतो. हातकरवतीने हे काम करणारा सुतार अर्धा दिवस आखणीतच घालवतो. सहा कोनी देव्हारा, उतरत्या बाजूंची पेटी आणि छताच्या कडेची नक्षीदार पट्टी यांनाही हाच न्याय लागू पडतो.

यंत्राच्या मर्यादा

काम न जाणता घेतलेले यंत्र कोपऱ्यात पडून राहते. मायटर यंत्र लाकूड आडवे, म्हणजे रेषांना छेदून कापते. लांबीच्या दिशेने फळी चिरण्याचे काम त्याने होत नाही आणि तसा प्रयत्न करणे अत्यंत धोक्याचे असते. प्लायवुडचे आठ बाय चारचे तक्तेही त्यावर कापता येत नाहीत. ज्या सुताराचे निम्म्याहून अधिक काम प्लायवुडच्या कपाटांचे आहे, त्याने आधी चांगला हातातला गोल कटर किंवा टेबल सॉ घ्यावा हे उत्तम. चौकटी, झडपा, खिडक्या, बाके, वासे, पट्ट्या आणि तसबिरींच्या चौकटी ज्याच्या हाती अधिक असतात, त्याच्यासाठी मात्र मायटर यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगाचे आहे.

सरकते यंत्र प्रत्येकाला हवेच असेही नाही. न सरकणारे संयुक्त यंत्र स्वस्त आणि वजनाला हलके असते. हलणारे भाग कमी असल्यामुळे त्याचा कोन दीर्घकाळ खरा राहतो. ज्याचे सर्व काम चार इंचांच्या आतील पट्ट्यांचे आहे, त्याने सरकण्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मापाचा हिशेब

बाजारात पात्याच्या व्यासानुसार यंत्रांचे तीन मुख्य वर्ग आढळतात : २१० ते २१६ मिलिमीटर, २५४ ते २६० मिलिमीटर आणि ३०५ मिलिमीटर. व्यास मोठा तर यंत्र चांगले, असा समज आहे, तो बरोबर नाही. पाहावयाचे ते माहितीपत्रकातील दोन आकडे, म्हणजे कापाची रुंदी आणि कापाची उंची.

२१६ मिलिमीटरचे सरकते यंत्र सरळ कापात साधारणपणे ३०० मिलिमीटर रुंद आणि ६५ ते ७० मिलिमीटर जाड लाकूड कापते. सुताराच्या भाषेत सांगावयाचे तर बारा इंची फळी आणि चार बाय अडीचची चौकट त्यात बसते. पाच बाय तीनची चौकट मात्र एका कापात होत नाही, कारण तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर होतात. २५४ मिलिमीटरच्या सरकत्या यंत्रात रुंदी जवळपास तेवढीच राहते, परंतु उंची ९० मिलिमीटरच्या आसपास जाते. त्यात पाच बाय तीनचे लाकूड सहज कापले जाते. याच व्यासाचे न सरकणारे यंत्र तेवढेच जाड लाकूड कापील, पण रुंदी बहुधा पाच इंचांच्या आत-बाहेर संपेल. ३०५ मिलिमीटरचे यंत्र मोठ्या वखारीला शोभते. त्याची किंमत, वजन आणि पात्याचा खर्च लहान कारागिराला पेलणारा नसतो.

येथे एका गोष्टीची नोंद अवश्य घ्यावी. माहितीपत्रकातील मोठा आकडा सरळ कापाचा असतो. टेबल ४५ अंशांत फिरविले की कापाची रुंदी सुमारे सात-दशांश एवढीच उरते. ३०० मिलिमीटरचे २१० होतात. पाते ४५ अंशांत कलते केले की उंची घटते, आणि २१६ मिलिमीटरच्या यंत्रात ती ५० मिलिमीटरच्या खाली येते. दोन इंची वासा असा कलता कापावयाचा असेल तर लहान यंत्र अपुरे पडेल. तेव्हा छपराची कामे करणाऱ्या सुताराने कलत्या कापाचा आकडा आधी पाहावा.

काही यंत्रांचे पाते एकाच बाजूला कलते होते, काहींचे दोन्ही बाजूंना. दुसरा प्रकार महाग असतो. पट्टी उलटी फिरवून बहुतेक काम पहिल्या प्रकारातही होत असल्यामुळे काटकसर करावयाची झाल्यास ती येथे करता येते. लेझरची रेषा आणि चकचकीत दिवे यांबाबतही असेच म्हणता येईल. ती सोय आहे, गरज नव्हे.

जागेचाही विचार हवा. बहुतेक सरकत्या यंत्रांच्या नळ्या मागील बाजूस बाहेर येतात. यंत्र भिंतीला टेकवून ठेवता येत नाही. मागे फूटभर तरी मोकळी जागा सोडावी लागते. लांब लाकूड तोलून धरण्यासाठी दोन्ही बाजूंना त्याच उंचीची घोडी लागते. दहा बाय दहाच्या खोपटात काम करणाऱ्याने ही मोजणी यंत्र घेण्यापूर्वीच केलेली बरी.

कोनाचा खरेपणा

स्वस्त आणि महाग यंत्रांतील खरा भेद कोनाच्या अचूकपणात असतो. पाव अंशाची चूक डोळ्यांना दिसत नाही. परंतु चौकटीला चार कोपरे आणि आठ काप असतात. प्रत्येक कापात पाव अंश चूक एकाच बाजूला होत गेली, तर शेवटच्या कोपऱ्यावर दोन अंश साचतात. साठ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत तेथे सुमारे तीन मिलिमीटरची, म्हणजे एक सूत फट पडते. ती फट लांबी भरून झाकली जाते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा उघडी पडते. यातून जे नुकसान होते ते मिस्त्रीच्या नावलौकिकाचे असते.

सुदैवाने अचूकपणा तपासण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. एक सरळ, समान रुंदीची फळी घ्यावी आणि ती यंत्रावर शून्य अंशात कापावी. दोन तुकड्यांपैकी एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली टोके एकमेकांना भिडवावीत आणि फळ्यांच्या कडा एका सरळ पट्टीला टेकवाव्यात. टोके विनाफट जुळली तर काप काटकोनात आहे. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक दोषही लपत नाही. ४५ अंशांसाठी दोन तुकडे कापून जोडावेत आणि कोपऱ्यात गुण्या लावून पाहावा.

दुसरी परीक्षा सरकण्याची. यंत्र बंद ठेवून मुंडा पूर्ण पुढे ओढावा आणि मुठीला हलकेच डावी-उजवीकडे रेटून पाहावे. त्यात ढिलेपणा जाणवला तर रुंद फळीचा काप वाकडा जाणार हे निश्चित समजावे. मुंडा सर्व अंतर सारख्याच सहजतेने सरकला पाहिजे. तिसरी परीक्षा थांब्यांची. टेबल ०, १५, २२.५, ३० आणि ४५ अशा नेहमीच्या अंशांवर खटकन बसते काय आणि कळ आवळल्यावर हलत नाही ना, हे पाहावे. किरकोळ चूक बहुतेक यंत्रांत मळसूत्रे फिरवून दुरुस्त करता येते. नळ्यांचा ढिलेपणा मात्र सहसा दुरुस्त होत नाही. विक्रेता यंत्र चालवून दाखविण्यास तयार नसेल, तर दुसरे दुकान गाठावे हे श्रेयस्कर.

पाते : निम्मे यंत्र

यंत्राबरोबर येणारे पाते बहुधा कमी दात्यांचे आणि कामचलाऊ असते. मध्यम किमतीच्या यंत्राला उत्तम पाते लावले तर त्याचा काप महागड्या यंत्राच्या तोडीचा येऊ शकतो. उत्तम यंत्राला बोथट पाते लावले तर काहीच साधत नाही. म्हणून खरेदीच्या अंदाजात चांगल्या पात्याची किंमत प्रथमपासून धरावी.

पात्याच्या दात्यांना टंगस्टन कार्बाइडची टोके असावीत. २४ दात्यांचे पाते जलद कापते, पण धार ओबडधोबड सोडते. सफाईच्या कामास २१६ मिलिमीटर व्यासात ४८ ते ६० दाते योग्य ठरतात. सरकत्या यंत्रासाठी दात्यांचा पुढे झुकाव फार कमी किंवा किंचित मागे असलेले पाते निवडावे, कारण पुढे झुकलेले दाते लाकूड स्वतःकडे ओढतात आणि मुंडा अंगावर धावून येतो. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असावी आणि मधल्या छिद्राचे माप यंत्राच्या दांड्याशी तंतोतंत जुळावे. चांगल्या पात्याला अनेक वेळा धार लावून घेता येते. ही सोय जवळपास कोठे आहे, याचीही चौकशी करून ठेवावी.

विजेची व्यवस्था

या यंत्रांची मोटार साधारणपणे १४०० ते १८०० वॉटची असते. १६०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना क्षणभर याहून कितीतरी अधिक घेते. पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणावरून ते चालविणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र बटण, कार्यक्षम अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारी कळ आवश्यक असते. लांब वायर वापरावयाची झाल्यास ती तीन तारांची आणि किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची असावी, आणि वापरताना पूर्ण उलगडावी. बारीक वायरीत दाब घटतो, मोटारीचे बळ कमी होते आणि कापताना ती अडखळून तापते. पुष्कळदा ‘यंत्र खराब निघाले’ अशी तक्रार असते, पण दोष वायरीचा असतो. जोडणीचा मंजूर भार आणि प्रकार यांबाबत वीज कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

खर्चाचे गणित

परवडणारे यंत्र आणि सर्वांत स्वस्त यंत्र यांत अंतर आहे. खर्चाच्या यादीत यंत्र, एक चांगले जादा पाते, बैठक व घोड्या, वीजजोडणी, भुसा ओढण्याची सोय आणि चष्मा, मुखपट्टी व कानरक्षक यांचा समावेश असावा. एकूण रक्कम हातातील पैशांत बसत नसेल, तर यंत्राचा वर्ग एक पायरी खाली आणावा. सुरक्षेच्या वस्तू गाळून मेळ घालू नये.

उदाहरणादाखल, यंत्रासाठी ३० हजार रुपये कर्जाऊ घेतले असे समजू. पीएम विश्वकर्मा योजनेच्या तरतुदीनुसार पहिला टप्पा एक लाख रुपयांपर्यंतचा, ५ टक्के व्याजाचा आणि १८ महिन्यांत फेडावयाचा आहे. या हिशेबाने ३० हजारांचा मासिक हप्ता सुमारे १,७३५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,२०० रुपये होते. महिन्याला २५ दिवस काम धरल्यास रोजचा भार सुमारे ७० रुपये होतो. यंत्रामुळे रोज एखादा तास जरी खऱ्या अर्थाने वाचत असेल आणि त्या तासाला काम मिळत असेल, तर हा भार जड नाही. काम महिन्यातून आठच दिवस मिळत असेल, तर तोच भार दिवसाला दोनशेच्या वर जातो. अशा वेळी दोघा-तिघांनी मिळून यंत्र घेणे किंवा तूर्त न सरकणाऱ्या यंत्रावर भागविणे हाच शहाणपणा होय. अर्ज करण्यापूर्वी प्रचलित अटींची खातरजमा करून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

खरेदीच्या वेळी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी तरी आहे काय? कार्बन ब्रश, पट्टा आणि संरक्षक झाकण हे सुटे भाग मिळतात काय? हमीपत्र धंदेवाईक वापराला लागू आहे काय? घरगुती छंदासाठी बनविलेल्या काही स्वस्त यंत्रांची हमी धंद्यासाठी वापर केल्यास संपुष्टात येते, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. पक्के बिल घ्यावे आणि ते जपून ठेवावे.

बोटे, डोळे आणि श्वास

२१६ मिलिमीटरचे पाते मिनिटाला ५,५०० फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या वर जातो. या वेगापुढे हात मागे घेण्याची चपळाई निरुपयोगी ठरते. म्हणून यंत्र निवडताना पहिली नजर संरक्षक झाकणावर टाकावी. वायर काढलेली असताना मुंडा खाली-वर करावा. झाकण आपोआप उघडले पाहिजे आणि मुंडा वर येताच न अडकता पूर्ण मिटले पाहिजे. बटण सोडताच पाते काही सेकंदांत थांबविणारा विद्युत्-रोधक असल्यास उत्तम. त्यासाठी थोडे जादा पैसे देण्यास हरकत नसावी. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६२८४१ क्रमांकाच्या मानकमालेत मायटर यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी ३-९ हा स्वतंत्र भाग आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख आहे काय, हे पाहावे.

सरकत्या यंत्राची रीत ठरलेली आहे. लाकूड फेन्सला टेकवून शिकंज्याने आवळावे, बंद मुंडा आपल्याकडे ओढावा, यंत्र सुरू करावे, पाते खाली उतरवावे आणि नंतर मुंडा आपल्यापासून दूर ढकलीत कापावे. चालू पाते लाकडातून आपल्याकडे ओढीत कापले, तर ते लाकडावर चढून अंगावर येते. काप पूर्ण झाल्यावर बटण सोडावे आणि पाते थांबल्यावरच मुंडा वर उचलावा. हात पात्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि एका हातावरून दुसरा हात आडवा नेऊ नये. लहान तुकडा बोटांनी धरून कापू नये. वाकलेली फळी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी, म्हणजे पाते लाकडात आवळले जात नाही. पाते बदलताना वायर भिंतीपासून काढलेली असावी. सैल बाह्या, उपरणे आणि हातमोजे या तिन्ही गोष्टी फिरत्या पात्याजवळ वर्ज्य होत.

धुळीचा धोका हळूहळू जाणवतो, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवून आणणाऱ्या पदार्थांत केला. सागवानाच्या धुळीने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते. यंत्राला जोडलेली कापडी पिशवी सगळा भुसा पकडू शकत नाही. त्यामुळे उघड्यावर किंवा हवेशीर पडवीत काम करावे, शक्य असल्यास भुसा ओढणारे यंत्र जोडावे आणि नाका-तोंडावर नुसता रुमाल न बांधता चांगली मुखपट्टी वापरावी. यंत्राचा आवाजही कानांना इजा करण्याइतका मोठा असतो. कानरक्षकाची किंमत क्षुल्लक असते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शाळा, संस्था आणि ग्रामपंचायती

शाळेच्या किंवा प्रशिक्षण केंद्राच्या कार्यशाळेसाठी यंत्र घ्यावयाचे असेल तर मागणीपत्र नेमके लिहिणे ही शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. नुसते ‘मायटर सॉ, नग एक’ असे लिहिले की किमान दराच्या नियमाने सर्वांत हलके यंत्र पदरी पडते. पात्याचा व्यास, सरळ आणि कलत्या कापाची किमान रुंदी व उंची, मोटारीची क्षमता, आपोआप मिटणारे झाकण, रोधक, शिकंजा, सुरक्षा-मानक, जादा पाते, हमीचा प्रकार आणि प्रात्यक्षिकाची अट या बाबी स्पष्ट नमूद केल्या, तर किमान दरातही योग्य वस्तू मिळते. शाळकरी मुलांच्या हाती हे यंत्र देऊ नये. त्यांना ते लांबून दाखवावे. कोनाचे गणित शिकविण्यास गुण्या आणि हातकरवत पुरेशी आहे.

पीएम विश्वकर्मा योजनेत अर्जाच्या पडताळणीचा पहिला टप्पा गावात ग्रामपंचायत पातळीवर ठेवलेला आहे. अर्जदार खरोखर सुतारकाम करतो काय एवढे पाहून सदस्यांचे काम कागदोपत्री पूर्ण होते, परंतु त्याच बैठकीत “मिस्त्री, काम कोणतं करता? जागा किती? वीज कशी?” एवढे तीन प्रश्न विचारले, तर पुढचे चुकीचे कर्ज टळू शकते. गावात चार-पाच सुतार असतील तर एखाद्या बंद खोलीत सामाईक यंत्र, चांगली वीजजोडणी आणि प्रत्येकाच्या वापराची नोंदवही अशी व्यवस्था उभी करण्याचा विचार सदस्यांनी अवश्य करावा. एकट्याला न पेलणारे २५४ मिलिमीटरचे यंत्र चौघांना मिळून पेलते.

मेळाव्यातील मिस्त्रींनी निदेशकांना सांगितले होते, “चौकट पाच बाय तीनची, पण ती महिन्याला दोन-चारच. रोजचं काम बारा इंची फळ्यांचं आणि पट्ट्यांचं.” निदेशकांनी त्यांना २१६ मिलिमीटरचे सरकते यंत्र सुचविले. पाच बाय तीनचे लाकूड चारही बाजूंनी गुण्याने आखून, एका बाजूने कापून आणि उलटे करून दुसऱ्या बाजूने पुरे करता येईल, हे त्यांनी तेथेच प्रात्यक्षिकाने दाखविले. मोठ्या यंत्राच्या मानाने जे पैसे वाचले, त्यांतून चांगले पाते, अर्थिंग आणि शिकंजा घ्यावा असेही सांगितले. तो तरुण सुतार हे सर्व ऐकत उभा होता. मिस्त्री निघाले तेव्हा तो त्यांना एवढेच म्हणाला, “काका, झाकण अडकलं तर दुकानदाराकडं परत न्या. काढू मात्र नका.”